पाणझाडांच्या टाकीत कोणते मासे सोबत राहतात? विदर्भातल्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

फिशटँकबद्दलचे बहुतेक व्हिडिओ अशा ठिकाणचे असतात जिथे नळाला मऊ पाणी येतं आणि खोली वर्षभर माणसात असते. आपल्याकडे बोअर आहे, टिनाचं छत आहे, लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि मे संपता संपता नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, आहे. त्यामुळे 'हा मासा त्या माशासोबत राहील का' हा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरवर जातो. आधी बघायचं ते हे, की तो मासा तुमच्या पाण्यात आणि तुमच्या मे महिन्यात राहील का. खालची उत्तरं त्याच क्रमाने वाचावीत.

टाकी आणली, रेती टाकली, पाणी भरलं. आता कोणते मासे घेऊ?

आता कोणतेच नाही. आधी झाडं लावा, फिल्टर चालू करा आणि थांबा.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशासाठी विष आहे. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषच), आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे झाडं खातात. हे जिवाणू रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहायचं, म्हणजे त्यांनाही खायला मिळतं. कुणाची जुनी, चांगली चाललेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. काम बरंच लवकर होतं.

आपल्याकडे ही घाई जास्त महागात पडते, त्याला कारण आहे. अमोनियाचा विषारी भाग किती, हे पाण्याच्या पीएचवर (पाणी आम्ल आहे की अल्कली, याचं माप; ७ म्हणजे मधलं) आणि तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. तेच पाणी पीएच ८ चं असेल तर सात टक्क्यांच्या वर. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास असतं. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात जेवढ्या अमोनियाने मासे नुसते सुस्तावतात, तेवढ्यात आपले दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतात.

आमच्या बोअरचा टीडीएस ७०० दाखवते. मासे जगतील का?

जगतील, फक्त मासे त्या पाण्याजोगे हवेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यातलीच. त्यांना मऊ पाण्यात ठेवलं तरच त्या कुरकुरतात. उलट निऑन, कार्डिनल, रमीनोज हे टेट्रा आणि हार्लेक्विन रासबोरा मूळचे मऊ, किंचित आम्ल पाण्याचे. ७०० च्या पाण्यात ते लगेच मरत नाहीत. रंग फिका पडतो, खाणं कमी होतं आणि दर काही दिवसांनी एक कमी होतो. लोक मग म्हणतात, 'टेट्रा नाजूकच असते.' पाण्याचा विचार कुणी करत नाही.

टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतं. त्यात चुना किती आणि मीठ किती, हे सांगत नाही. जडपणाचा अंदाज घरातच येतो: साबणाला फेस येत नाही, भगोण्याला आतून पांढरा थर बसतो, तर पाणी जड.

मऊ पाण्याचे मासे पाळायचेच असतील तर गावातल्या आरओ प्लांटचा जार कामी येतो. बोअर ७०० आणि आरओ ५० असेल, तर अर्धं-अर्धं केल्यावर ३७५ च्या आसपास येतं. टाकीत वाढलेल्या रासबोऱ्यांना, कार्डिनलना ते झेपतं. नुसतं आरओ मात्र भरू नका. त्यात क्षारच नसतात, पीएच एकाएकी कोसळतो आणि झाडांनाही काही मिळत नाही. प्लांटमधून बाहेर पडणारं वाया पाणी तर अजिबात नको, त्यात बोअरचे क्षार आणखी दाट झालेले असतात.

एकदा जे प्रमाण धराल ते कायम ठेवा. आज ३५०, पुढच्या आठवड्यात जार संपला म्हणून ७००, त्यानंतर पुन्हा ३५०, असं केलं तर कुठलाच मासा टिकणार नाही. रोज जार आणणं जमणार नसेल तर बोअरवर चालणारे मासेच घ्यावेत, हे माझं स्पष्ट मत.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. आमचं पाणी तोंडात धरवत नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या गावांची ही अडचण खरी आहे. तिथला टीडीएसचा आकडा बराचसा मिठामुळे वाढलेला असतो. मॉली हा एक मासा असा आहे की त्याला थोडं खारं पाणी मानवतं, गप्पीही बऱ्यापैकी धकवतात. झाडांचं मात्र कठीण. व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न थोडा खारटपणा सोसतात, बाकीची पानं गाळतात. अशा गावात पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनंच. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या, छत धुऊन निघू द्या, मग स्वच्छ ड्रममध्ये धरा आणि झाकून ठेवा.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी चालते का?

चालतं, पण त्यात ब्लिचिंग पावडर असते, आणि ज्या दिवशी ती टाकतात त्या दिवशी हात जरा सैल सुटलेला असतो. पाणी उघड्या ड्रममध्ये दिवसभर ठेवा, जमलं तर त्यात एअर पंपाची नळी सोडा. घाई असेल तर मासेवाल्याकडचं क्लोरीन काढायचं औषध वापरा. बोअरचं ताजं पाणीही असंच थोडं मुरू द्यावं, कारण जमिनीतून वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३४-३५ वर जाते. काय करायचं?

या एका प्रश्नावर अर्धी निवड ठरते, म्हणून जरा सविस्तर.

बाहेर पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या खोलीत टाकीचं पाणी सहज ३४ पर्यंत जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. त्याच वेळी माशाच्या अंगाची चयापचयाची गती वाढलेली असते, म्हणजे त्याला हवा जास्त लागते. रात्री झाडंही प्राणवायू घेतात, सोडत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यातले मासे बहुतेक पहाटे मरतात. 'रात्री तर चांगले फिरत होते,' हे वाक्य मे महिन्यात दर दुसऱ्या फोनवर ऐकू येतं.

पहिला उपाय जागेचा. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती भिंत संध्याकाळपर्यंत तापते. घरातली सगळ्यात थंड खोली बघा, मातीची किंवा जुन्या जाड भिंतींची असेल तर उत्तम. जमिनीच्या जवळ, ठोकळ्यांवर टाकी ठेवली तरी दोन-एक अंशांचा फरक पडतो.

दुसरा उपाय वाऱ्याचा. झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कुलर जसा काम करतो तसाच हाही करतो, पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की याचा जोर कमी होतो. कुलर चालू असलेल्या खोलीत टाकी असेल तर निम्मं काम आपोआप झालं, फक्त कुलरच्या टाक्यातलं पाणी मासेटाकीत ओतू नका.

उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने करायची. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचीच भर घालत राहिलात तर ७०० चा टीडीएस जूनपर्यंत हजाराच्या वर गेलेला दिसेल.

बर्फाच्या बाटल्या सोडू नका. पाणी एकदम चार-पाच अंशांनी खाली येतं, दोन तासांनी परत वर. हा हेलकावा ३३ अंशांच्या स्थिर पाण्यापेक्षा वाईट. एप्रिलपासून खाद्य निम्मं करा, स्पंज फिल्टरचा वेग वाढवा आणि रात्रभर हवा चालू ठेवा. नवे मासे एप्रिल-मेमध्ये घेऊच नका.

मग ऊन सोसणारे मासे कोणते आणि न सोसणारे कोणते?

सोसणारे: फायटर, गोरामीच्या बहुतेक जाती, एंजल, मॉली, गप्पी, कुहली लोच, झेब्रा डॅनियो. फायटर आणि गोरामी यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याचा वेगळा अवयव असतो. ते वर येऊन हवा गिळतात, म्हणून लाइन गेली तरी तग धरतात. झेब्रा डॅनियो तर आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भाताच्या बांध्यांत राहणारा. थंडी आणि ऊन दोन्ही त्याच्या ओळखीचं.

न सोसणारे: निऑन टेट्रा (२६ च्या वर त्याला सुख नाही), गोल्डफिश, व्हाइट क्लाउड, डोंगरी ओढ्यातले लोच, आणि 'मिस केरळ' म्हणून विकला जाणारा डेनिसन बार्ब. शेवटचा तर पश्चिम घाटातल्या थंड, वाहत्या पाण्याचा, शिवाय निसर्गात संकटात आलेला. विदर्भात त्याला आणणं म्हणजे शिक्षाच.

निऑनसारखाच रंग हवा असेल तर कार्डिनल घ्या. त्याची लाल पट्टी पोटाखालून डोक्यापर्यंत पूर्ण असते, निऑनची अर्ध्यातून सुरू होते. कार्डिनलला २८-२९ अंश सहज चालतात, पाणी मात्र मऊ लागतं. म्हणजे जार आलाच.

दोन फुटी टाकी आहे. नक्की काय काय ठेवू, सरळ यादी द्या.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं. रेती, झाडं आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ लिटर राहतं, हिशेब त्यावर करायचा.

नुसत्या बोअरच्या पाण्यावर: आठ-दहा नर गप्पी आणि मधगोरामीची (हनी गोरामी) एक जोडी. किंवा पाच प्लॅटी (दोन नर, तीन माद्या) आणि सहा झेब्रा डॅनियो. डॅनियो उड्या मारतात, जाळी हवीच.

आरओ मिसळून मऊ केलेल्या पाण्यात: आठ हार्लेक्विन रासबोरा, एक मधगोरामीची जोडी, तळाला पाच-सहा कुहली. माझ्या मते गावाकडच्या पाणझाडांच्या टाकीसाठी याहून देखणा संच नाही. रासबोरा मधल्या थरात थव्याने फिरतात, गोरामी वर तरंगत्या झाडांखाली, आणि कुहली संध्याकाळी रेतीतून निघतात. तिघांचे थर वेगळे, म्हणून भांडणाला जागाच नाही. चेरी बार्बही याच पाण्यात छान. श्रीलंकेचा मासा, झाडांत लपून राहणारा, नर लालभडक. रासबोरांच्या ऐवजी घेता येईल.

तीन बाय एक बाय दीड फुटाच्या टाकीत जवळपास १०५ लिटर पाणी हाती येतं. तिथे तीन पर्ल गोरामी (एक नर), दहा चेरी बार्ब आणि सहा-आठ कोरी. कोरीमध्ये स्टर्बाय ही जात बाकीच्यांपेक्षा ऊन जास्त सोसते, महाग आहे पण आपल्याकडे तीच घ्यावी. कोरीसाठी खाली बारीक, गोल कणांची रेती हवी. टोकदार खडी असेल तर त्यांच्या मिशा झिजतात.

'एक इंचाला चार लिटर' हा जो हिशेब सांगतात, त्याने मोजलं तर वरच्या याद्या जास्त भरलेल्या वाटतील. उन्हाळ्याचा विचार करून या याद्यांतूनही थोडे कमीच ठेवा.

थव्याचे मासे दोन-दोन घेतले तर? सगळे प्रकार होतील.

दोन टेट्रा, दोन बार्ब, दोन डॅनियो, दोन कोरी अशी खिचडी आपल्याकडे सर्रास दिसते. हे मासे कळपाने राहणारे. सहापेक्षा कमी असले की ते कोपऱ्यात दबून बसतात किंवा चिडून दुसऱ्यांना टोचतात. सहा जाती दोन-दोन घेण्यापेक्षा दोन जाती सहा-सहा घ्या.

दुकानदार म्हणते फायटर एकटाच ठेवा. आमच्या टाकीत तर राहते!

दोन नर सोबत कधीच नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. इतर माशांसोबत एक नर बहुतेक वेळा राहतो, जर टाकीत दाट झाडं असतील आणि सोबत शेपटीचा पसारा असलेला कुणी नसेल. गप्पीच्या नराची रंगीत शेपटी पाहून त्याला वाटतं दुसरा फायटर आला. गोरामी त्याचा भाऊबंद, म्हणून त्याच्याशीही जमत नाही. कुहली, कोरी, रासबोरा यांच्यासोबत ठीक. काही फायटर मुळातच खवट असतात, तसा निघाला तर वेगळी टाकी ठेवायची तयारी असू द्या.

एंजल आणि निऑन एकत्र दुकानात पाहिले. घेऊ का?

दुकानातला एंजल दोन रुपयांच्या नाण्याएवढा असतो. वर्षभरात तो पसरलेल्या तळहाताएवढा होतो, आणि निऑन त्याच्या तोंडात बरोब्बर मावतो. निसर्गातही मोठा एंजल असेच छोटे मासे खातो, त्यात त्याचा दोष नाही. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या पोटात जातो, हा एक नियम लक्षात ठेवला तरी अर्धी चूक टळते.

एंजल ठेवायचे तर किमान दीड फूट उंचीची, तीन फुटी टाकी. सोबत स्वोर्डटेल, स्टर्बाय कोरी. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाचं रान. बाजारात मिळणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले असल्याने त्यांना मध्यम जड पाणी चालतं, आणि ऊनही ते चांगलं सोसतात.

टायगर बार्ब सगळ्यांच्या शेपट्या कुरतडून राहिले.

त्यांची सवयच ती. आठ-दहांचा थवा केला तर बरंचसं आपसातच भांडतात. तरी एंजल, गप्पी, फायटर, गोरामी अशा लांब परांच्या माशांसोबत त्यांना ठेवूच नये. सर्पे टेट्रा आणि काळा विडो टेट्राही याच जातकुळीतले. रंगीबेरंगी, गुलाबी-निळे विडो दिसले तर ते रंगवलेले असू शकतात. विकत घेऊ नका, धंद्याला उत्तेजन मिळतं.

शेवाळ खायला सकर घ्यायचा ना?

नाही. दोन इंचांचा सकर दीड फुटाचा होतो. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळ सोडून तुमच्या झाडांची पानं खरवडतो आणि रात्री झोपलेल्या माशांच्या अंगाला चिकटतो. पिवळट 'चायनीज अल्गी ईटर'ची गतही तीच, मोठेपणी भांडकुदळ.

शेवाळ जास्त होतं ते बहुतेक वेळा जास्त उजेडाने आणि जास्त खाद्याने. दिवा सहा-सात तासांवर आणा, खिडकीचं थेट ऊन तोडा, झाडं वाढवा. जोडीला गोगलगायी. जड पाण्यात त्यांचे शंख मजबूत राहतात, हा बोअरचा एक फायदा. आणि संत्र्याच्या बागेसाठी आणलेलं मोरचूद शेवाळावर मारायची कल्पना ज्यांना सुचते त्यांनी तिथेच थांबावं. मोरचुदातल्या तांब्याने झिंगे आणि गोगलगायी आधी मरतात, मग मासे आणि झाडंही.

आणि शार्क?

दुकानात 'शार्क' म्हणून चार इंचांचा चंदेरी मासा मिळतो तो पंगस. तोच मोठा झाला की मासळीबाजारात किलोवर विकतात. मीटरभर लांब होतो. शार्कच्या नावाने मासा पाहिला की पुढच्या काचेकडे वळावं.

गोल्डफिश?

नाही. झाडं उपटतो, पाणी घाण करतो, थंड पाण्याचा आहे. अंगणात मोठा हौद आणि वर सावली असेल तर तिथे वेगळा पाळा.

झाडं कोणती लावू, जी मासेही खाणार नाहीत आणि आपल्या पाण्यात टिकतील?

जड पाण्याला व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट यांच्यासारखं झाड नाही. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको, खत नको. वॉटर विस्टेरिया आपल्याकडचीच, भराभर वाढते आणि नव्या टाकीतला अमोनिया शोषून घेते. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे, मुळांची गाठ रेतीत पुरली की सडते. त्यांची पानं चिवट असतात, मासे खात नाहीत. वर थोडा अझोला तरंगू द्या. गुरांसाठी कुणीतरी गावात लावलेला असतोच, मूठभर मागून आणा. गोरामी आणि फायटर त्याखालीच घर करतात. मात्र तो दर आठवड्याला उपसावा लागतो, नाहीतर खालच्या झाडांना उजेड मिळत नाही. गुरांच्या खड्ड्यातला अझोला आणलात तर आधी चांगला धुऊन वेगळ्या बादलीत काही दिवस ठेवा, त्यात शेणखत आणि किड्यांच्या अळ्या असतात.

तलावातून हायड्रिला आणणार असाल तरी हेच. शेताच्या उताराचं पाणी येणाऱ्या तलावातून मात्र आणू नका.

खाली शेतातली काळी माती टाकू का? झाडं जोमात येतील.

काळी माती पाण्यात फुगते आणि मासा जरा हलला की सगळी टाकी चहासारखी होते. त्यात युरिया आणि फवारणीचे अंश असतात ते वेगळंच. नदीची रेती घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मूठभर रेतीवर लिंबू पिळा. फसफसलं तर त्यात चुना आहे, मऊ पाण्याच्या माशांसाठी ती चालणार नाही. गप्पी-मॉलीला चालेल.

नाल्यातले, नदीतले छोटे मासे टाकीत चालतात का?

चालतात, आणि काही फार देखणे असतात. रासबोरा, छोटे खवल्यांचे बार्ब, चंदेरी काचमासा हे आपल्या नद्यांतलेच, इथलं पाणी आणि ऊन त्यांना जन्मापासून ठाऊक. पण अंगावर परजीवी घेऊन येतात. तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत सोडू नका. मरळीचं पिल्लू लाल-नारिंगी आणि गोजिरं दिसतं, मोठेपणी टाकीतलं काहीच शिल्लक ठेवत नाही. शिंगटा आणि मांगूरही तसेच. नाल्यातले झिंगे चिमट्याचे असतात, रात्री मासे धरतात. त्यांच्याऐवजी दुकानातले लाल चेरी झिंगे घ्या, ते निरुपद्रवी. गोरामी त्यांची पिल्लं खातील, पण दाट शेवाळी झाडी असेल तर काही वाचतात.

आरोग्य केंद्रात गप्पी मासे फुकट मिळतात. तेच आणू का?

डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं जे गप्पी देतं ते साधे, करड्या रंगाचे, पण तब्येतीने खणखणीत. ऊन, लाइन, बोअर सगळं सोसतात. पहिल्या टाकीसाठी मला तेच आवडतात. एकच बघा, त्यात गंबुशिया मिसळलेला नसावा. गंबुशियाची मादी गप्पीच्या मादीसारखीच दिसते, पण तो शेपट्या तोडतो. नर बघा: गप्पीच्या नराच्या अंगावर थोडा तरी रंगाचा ठिपका असतो, गंबुशियाचा नर नुसता राखाडी.

गप्पींची पिल्लं एवढी झाली की टाकी भरून गेली.

मादी साधारण महिन्याला एकदा पिल्लं देते, आणि नराशी एकदा भेट झाली की पुढचे कित्येक महिने नर नसला तरी देत राहते. म्हणून नुसते नर ठेवा असं वर लिहिलं. नर-मादी दोन्ही हवे असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर नर मादीला श्वास घेऊ देत नाहीत. गोरामी किंवा एंजल सोबत असले तर पिल्लांची संख्या आपोआप आटोक्यात राहते. ऐकायला क्रूर वाटतं, पण निसर्गात तसंच होतं.

लाइन चार-चार तास जाते. मासे मरतील का?

झाडं भरपूर आणि मासे कमी असतील तर दिवसा चार तासांनी काही होत नाही. रात्रीचं भारनियमन धोक्याचं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, इन्व्हर्टर असेल तर टाकीचा पंप त्यावर जोडा, दिवा नको. अगदीच काही नसेल तर मगाने पाणी उचलून वरून टाकत राहा. फिल्टर पाच-सहा तासांच्या वर बंद राहिला तर चालू करण्याआधी त्याचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या.

फवारणीच्या दिवसांत काही काळजी?

फार. कपाशीवर, सोयाबीनवर मारायची बहुतेक कीटकनाशकं माशांना माणसापेक्षा कितीतरी पटींनी घातक असतात. फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत हात घालू नका, अंघोळ केल्यावरही त्या दिवशी दुसऱ्याला घालायला सांगा. फवारणीच्या कामाची बादली किंवा ड्रम पाण्यासाठी कधीच नको, कितीही धुतला तरी. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडमध्येही माशांना घातक औषध असतं. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. दोन फुटी टाकीला ५० वॉटचा पुरतो, २४ वर ठेवा. झेब्रा डॅनियो एकटेच असतील तर नसला तरी चालेल.

नागपूर-अमरावतीहून मासे आणताना अर्धे वाटेतच मरतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा, सकाळच्या एसटीने. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू भरून घ्या आणि थर्माकोलच्या डब्यात अंधारात ठेवा. आदल्या दिवशी दुकानात फोन करून त्या माशांना खाऊ घालू नका म्हणून सांगा, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग बादलीत रिकामी करून दर दहा मिनिटांनी तुमच्या टाकीचं एक पेला पाणी त्यात घाला. दुकानाचा आणि तुमचा टीडीएस जितका वेगळा, तितका वेळ जास्त द्या. दुकानातच मीटर बुडवून बघायला लाजू नका. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासे जाळीने उचलायचे.

दुकानात मासा घेताना त्याला खाद्य टाकायला सांगा. खात नाही तो घेऊ नका. एका काचेत एक जरी मेलेला किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा मासा दिसला तर त्या काचेतलं काहीच नको.

जास्तीचे मासे गावच्या तलावात सोडले तर चालते का?

नाही. सकर आता राज्यातल्या धरणांत, नद्यांत जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. भंडारा-गोंदियात ढीवर (मासेमार) बायांच्या गटांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटून तिथे देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे इथल्या माशांना पुन्हा अंडी घालायला जागा मिळावी. तिथे आपल्या टाकीतला पाहुणा सोडणं बरं नाही. मासे दुकानदाराला परत द्या, बरेच दुकानदार खाद्याच्या बदल्यात घेतात. नाहीतर शाळेत द्या, शेजारच्या गावात कुणी टाकी सुरू करत असेल त्याला द्या. गप्पी असतील तर घराच्या सिमेंटच्या बंद टाक्यात सोडा, डासांच्या अळ्या खातील. झाडांची छाटणीही उघड्या गटारात टाकू नका. उन्हात वाळवून खतात घाला.